रोलर कोस्टरला आकाशपाळणा म्हणावे का?

कोथरूडमधील एका शिक्षिकेने विचारले आहे : खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील सहलीचे वर्णन लिहिताना एका विद्यार्थ्याने रोलर कोस्टरला ‘आकाशपाळणा’ म्हटले आहे, ते चालेल का, आणि चालत नसेल तर मराठीत दुसरा कोणता शब्द सुचवावा?

ते चालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उभ्या चाकाला टांगलेल्या आणि एका आसाभोवती वरखाली फिरणाऱ्या जत्रेतल्या पाळण्यांचे ते नाव आहे, आणि जॉर्ज फेरिस यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात उभारलेल्या प्रचंड चाकाच्या जातीचे जे जायंट व्हील आपण आज पाहतो, त्यालाही ते नेमके लागू पडते. पाळणा म्हटला की टांगणे आले, झुलणे आले. रोलर कोस्टरचे तत्त्वच वेगळे आहे. तेथे रुळांवरची गाडी बहुधा साखळीने उंचावर ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढची वळणे, चढ आणि गिरक्या ती त्या उंचीमुळे मिळालेल्या ऊर्जेवरच पार करते.

म्हणजे तिचे नाते घसरगुंडीशी आहे, आणि इतिहासही हेच सांगतो. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून उंच उतरणी तयार करीत व लोक त्यांवरून घसरत खाली येत. १८१७ मध्ये पॅरिसमध्ये चाकांच्या गाड्या मार्गात अडकवून हाच खेळ बर्फाविना सुरू झाला. फ्रेंच भाषेत या खेळाला आजही ‘रशियन डोंगर’ अशा अर्थाचे नाव आहे. रशियन लोक मात्र त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! अमेरिकेचा वाटाही मोठाच आहे. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे १८२७ पासून कोळशाचे डबे उतारावरून आपल्या वजनाने खाली येत आणि रिकामे डबे खेचरे वर ओढून नेत. पुढे त्याच मार्गावर हौशी प्रवासी बसू लागले. लामार्कस थॉम्प्सन यांनी १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर केवळ करमणुकीसाठी अशी गाडी सुरू केली, तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ६ मैल होता आणि भाडे ५ सेंट. नंतर जॉन मिलर यांनी रुळाच्या खालच्या बाजूनेही चाके बसवण्याची युक्ती काढली. त्यामुळे गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती गेली आणि तीव्र उतार बांधता येऊ लागले.

इंग्रजी नावातल्या ‘कोस्टर’चा संबंध अनेकांना समुद्रकिनाऱ्याशी वाटतो, पण येथे ‘कोस्ट’ हे क्रियापद आहे. बर्फावरच्या गाडीत बसून उतारावरून घसरत जाणे, हा त्याचा अमेरिकेत रूढ झालेला अर्थ.

म्हणून मराठी शब्द हवाच असेल तर ‘घसरगाडी’ हा मला सर्वांत योग्य वाटतो. बैलगाडी, घोडागाडी, आगगाडी या शब्दांत पहिले पद गाडी कशाच्या बळावर चालते ते सांगते, आणि येथे ते बळ घसरणीचेच आहे. बर्फावरच्या स्लेजसाठी हा शब्द मराठीत वापरला गेला आहे, ही अडचण खरी. परंतु रशियन उतरणींची परंपरा पाहता दोन्ही वाहने एकाच कुळातली ठरतात, आणि कोणती अभिप्रेत आहे हे संदर्भावरून सहज कळते. तरीही रोजच्या लेखनात ‘रोलर कोस्टर’ लिहिण्यास काहीही हरकत नाही. तो शब्द मुलांच्या तोंडी रुळलेला आहे आणि त्याने मराठीतला कोणताही शब्द हटवलेला नाही.

वृत्तपत्रांत ‘शेअर बाजाराचा रोलर कोस्टर’ किंवा ‘भावनांचा रोलर कोस्टर’ असे जे छापून येते, त्याबाबत मात्र मी इतका उदार नाही. तेथे बाजारासाठी चढउतार आणि मनासाठी हेलकावे हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, आणि ते अधिक नेमके आहेत.