मार्चमध्ये नागपूरहून एका दिवसात गावाकडचे फोटो काढायला कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये एक दिवस मोकळा आहे, जिवाभावाचा मित्र सोबत आहे, गाडी आहे. सफारी नको, गावाकडचे फोटो हवेत. मग डोळे झाकून रामटेकची बाजू धरा. नागपूरहून साधारण ५० किलोमीटर.

मी आणि माझी मोठी जाऊ दर मार्चला जातो. गाडी ताई चालवतात, कॅमेरा माझ्याकडे. फोटोतलं आपल्याला काही कळत नाही असं त्या म्हणतात, पण झाड आधी त्यांनाच दिसतं. मी तोंड उघडायच्या आत गाडी हळू झालेली असते. असं माणूस शेजारी असणं मला कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा मोलाचं वाटतं. तुमच्या मित्राला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, की उद्या कुठे पोचायची घाई नाही.

पहाटे ५ ला निघा. मार्चच्या मध्यावर साडेसहाच्या आत सूर्य वर येतो. कामठी, कन्हान, मनसर हा महामार्ग आहे. तिथे कितीही सुंदर दिसलं तरी कडेला थांबू नका, ट्रक भरधाव असतात. मनसरहून रामटेककडे वळलात की मग गावरस्ते धरा.

या दिवसांत पळस फुललेला असतो. झाडावर पान नाही, नुसता केशरी जाळ. पण लांबून अख्खं झाड टिपून समाधान मानू नका, जवळ जा. काळपट मखमली देठातून पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार निघते. किंशुक हे नाव त्यावरूनच, ‘हा पोपट तर नव्हे?’ सूर्य फुलाच्या मागे ठेवा, पाकळीतून उजेड आरपार येतो. आणि एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, थोडं कमी करा, नाहीतर तो केशरी रंग फुटून सपाट डाग होतो आणि पाकळीवरची लव दिसत नाही. मधासाठी मैना, शिंजीर येतात. दहा मिनिटं झाडाखाली न हलता उभं राहिलं की तेही आपल्याला विसरतात.

त्याच सुमारास मोहही गळतो. मोहफूल रात्री आणि पहाटे पडतं, म्हणून बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. फुलं मोत्याएवढी नाहीत, चांगली बोराएवढी, फिकट पिवळी, रसाळ. वास इतका दाट की गाडीची काच खाली केली की आत शिरतो. मागे एकदा एका आजींना मी न विचारताच कॅमेरा लावला. ताईंनी माझा हात खाली केला आणि आधी त्यांच्यासोबत फुलं वेचायला बसल्या. पंधरा मिनिटांनी आजीच म्हणाल्या, “फोटू कायले काढता बाई माया? मोहाचा काढा.” मी त्यांच्या हातांचा काढला: बोटांना चिकटलेलं दव, नखात माती, ओंजळीत फुलं. माझा तोच सगळ्यात चांगला फोटो आहे.

तेव्हापासून आधी बोलणं, मग कॅमेरा. जंगल लागलं की रस्ता सोडून आत शिरू नका. पेंच व्याघ्रप्रकल्पाचा भाग जवळ आहे.

अवकाळी पाऊस झाला असेल तर गाडी शेतात घालू नका. आमचं चाक एकदा काळ्या मातीत असं रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागला. ट्रॅक्टरवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

११ नंतर ऊन पांढरं होतं, तेव्हा कॅमेरा ठेवा आणि जेवा. दुपार नगरधनच्या किल्ल्यात काढा. वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. रामटेकच्या टेकडीवरच्या गडमंदिरात गेलात तर पिशवीची चेन लावलेली असू द्या, माकडं फार आहेत. संध्याकाळ खिंडसी तलावाच्या काठावर.

आणि ज्यांचा फोटो काढाल त्यांना तो छापून द्या. पुढच्या मार्चला आम्ही आजींना त्यांच्या हातांचा फोटो नेऊन दिला. त्यांनी तो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या की टोपली अर्धीच दिसते, भरल्यावर काढायला पाहिजे होता. या वर्षी टोपली भरेपर्यंत थांबायचं आम्ही कबूल केलंय.