पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची आहे. थर्टी-थर्टी, थर्टी-ऑट-सिक्स, टू-सेव्हंटी की थ्री-ओ-एट?

तुम्ही लिहिलंय की जागा मित्राच्या शेतामागची आहे, अर्धी झाडी आणि अर्धं मक्याचं रान. लांबात लांब नेम दोनशे यार्डांचा आणि .२२ (अगदी बारीक, हलक्या काडतुसाची) पेक्षा मोठी रायफल अजून खांद्याला लावलेली नाही. एवढ्यावर माझं उत्तर थ्री-ओ-एट या काडतुसाची रायफल.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ही चारही काडतुसं पुरून उरतात. पुढच्या पायाच्या मागे हृदय-फुप्फुसाची जागा असते, साधारण आठ इंचांची. तिथे गोळी बसली तर थर्टी-थर्टीनेही हरीण पडतं. पोटात बसली तर थर्टी-ऑट-सिक्सनेही ते जखमी होऊन लांब पळतं आणि तडफडत मरतं. म्हणून प्रश्न ताकदीचा नाही, नेमका मारा तुमच्या हातून कशाने होईल याचा आहे.

थर्टी-थर्टीचा मोह मला पुरेपूर कळतो. १८९५ पासूनचं काडतूस, जॉन ब्राउनिंगने रचलेली विंचेस्टर १८९४ ही लिव्हर रायफल (चापाजवळचा दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची), हातात सडपातळ, दाट झाडीतून चालताना कुठे अडकत नाही. गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्काही सोसवणारा. पण नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, अगदी प्रायमरला (दारू पेटवणाऱ्या टोपीला), टेकलेलं असतं. टोक अणकुचीदार आणि टणक असेल तर धक्क्याने प्रायमर उडायची भीती, म्हणून गोळी बोथट ठेवतात. बोथट गोळीचा वेग हवेत लवकर मरतो. शंभर यार्डांवर नेम जुळवलात तर दोनशेवर ती सात-आठ इंच खाली जाते, म्हणजे छातीवर धरलेली गोळी पायावर. हॉर्नाडी कंपनीच्या मऊ टोकाच्या गोळ्यांनी हे बरंच सुधारलंय, तरी नवख्याने दीडशेच्या पुढे जाऊ नये. तुम्ही फक्त झाडीत बसणार असता तर मी डोळे झाकून हीच घ्या म्हटलं असतं.

थर्टी-ऑट-सिक्स अमेरिकन लष्कराने १९०६ साली घेतली. १९५२ साली थ्री-ओ-एट बाजारात आली तोवर बंदुकीची दारू सुधारली होती, त्यामुळे ६३ मिलिमीटरऐवजी ५१ मिलिमीटरच्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) जवळजवळ तेच काम होऊ लागलं. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी थर्टी-ऑट-सिक्समधून सेकंदाला साधारण २९०० फुटांनी निघते, थ्री-ओ-एटमधून २८०० फुटांनी. दोनशे यार्डांवर हा फरक हरणालाही जाणवत नाही आणि तुमच्या नेमालाही. मग थोडाही जादा धक्का कशाला घ्यायचा? टू-सेव्हंटी १९२५ ची, १३० ग्रेनची गोळी सपाट आणि वेगवान. पश्चिमेच्या उघड्या डोंगरांत तिला तोड नाही, तुमच्या मक्याच्या रानात तिची गरज नाही.

थ्री-ओ-एट घेताना फार हलकी रायफल घेऊ नका. दुकानात हलकी सुखावते, पण धक्का वाढतो. दुर्बिणीसकट आठ पौंडांच्या आसपास ठीक. धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच खांदा आक्रसतो, ते तपासायला रेंजवर मित्राला तुमच्या नकळत मधूनच खोटं काडतूस भरायला सांगा. चाप ओढल्यावर नुसता 'टक्' आवाज आला आणि तरीही नळी खाली झुकली, तर दोष काडतुसाचा नाही. सराव करूनही ते जात नसेल तर टू-फॉर्टी-थ्री हे काडतूस बघा, थ्री-ओ-एटच्याच पुंगळीची मान आवळून १९५५ साली केलेलं, बरंच सौम्य.

कायद्याचं मात्र आधी बघा. तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हातात असेल तर सूट मिळते. त्यामुळे आधी प्रशिक्षण, मग परवाना, मग दुकान. ग्रीन कार्डवर ही अडचण नाही. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, तेव्हा बोल्टचीच, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिटी ओढून भरायची, घ्या. आणि कधी ओहायोत जायचा बेत असेल तर तिथे हरणासाठी रायफलमध्ये सरळ भिंतीच्या (मान न आवळलेल्या) पुंगळीचीच काडतुसं चालतात, या चारांपैकी एकही नाही.

काडतुसं घेताना एकाच कंपनीची, १५० ग्रेनची, मऊ नाकाच्या (टोकाला शिसं उघडं असलेल्या) गोळ्यांची पाकिटं एकदम घेऊन ठेवा. गोळी बदलली की नेमही पुन्हा जुळवावा लागतो.