गुण ६६ पैकी ६२, तरी विडी का वळत नाही?

प्रश्न (निपाणी): आईला दहा महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून लकवा गेला. आता ती चालते, हात डोक्यापर्यंत जातो. फिजिओथेरपिस्टनी हाताला ६६ पैकी ६२ गुण दिले आहेत. पण तीस वर्षं विड्या वळलेल्या तिच्या हातातून आता पान निसटतं, सूत गुंडाळता येत नाही. ‘मन लावून कर’ म्हणून आम्ही तिच्यावर चिडतो. मोठ्या शहरात रोबोटवर हात तपासतात म्हणे. त्यातून काय कळेल?

उत्तर: आईंवर चिडणं आधी थांबवा, कारण दोष मन लावण्याचा नसण्याची शक्यता मोठी आहे. हे ६६ गुण फ्यूगल-मायर चाचणीचे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत हाताच्या ३३ कृती असतात आणि प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण मिळतात. कृती पूर्ण झाली की २. ती किती अडखळत झाली, याला बहुतेक ठिकाणी वेगळा गुण नाही. शिवाय स्पर्श आणि सांध्यांची जाण (हात, बोटं कुठे आहेत हे न बघता कळणं) यांचे हाताचे १२ गुण वेगळे असतात, या ६६ मध्ये ते धरत नाहीत. तो भाग तपासला होता का, हे आधी विचारा. विडी वळताना नजर सुपात असते, बोटांची खबर बोटांनाच ठेवावी लागते. ती जाण गेली असेल, तर ताकद असूनही पान निसटणारच.

हाताचं अडखळणं आणि सांध्यांची जाण, हे दोन्ही रोबोट मोजतो. कॅनडात विकसित झालेल्या ‘किनआर्म’सारख्या यंत्रात खुर्चीवर बसवून दंड आणि पुढचा हात आधारात ठेवतात. समोर दिवे उमटतात आणि हात मात्र झाकलेला असतो. एका चाचणीत दिवा लागला की हात तिथे न्यायचा. निरोगी हाताचा वेग एकदाच चढतो आणि उतरतो. लकव्यानंतर त्याच अंतरात तो तीन-चार वेळा चढतो-उतरतो. डोळ्यांना हे नीट दिसत नाही, यंत्र मात्र सेकंदाला सुमारे हजार नोंदी घेतं. हलायला किती उशीर झाला, सुरुवातीची दिशा किती चुकली, वाट किती लांबली हेही कळतं. दुसऱ्या चाचणीत यंत्र उजवा हात स्वतः हलवून एका जागी थांबवतं आणि आईंनी न बघता डावा हात आरशातल्यासारखा त्याच जागी न्यायचा. आकडे त्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून पाहतात.

पण आकडे चुकू शकतात. यंत्राचा सांधा आणि कोपर एका रेषेत नसतील, तर नोंदी बिघडतात आणि खांदाही दुखतो. माणूस कमरेतून पुढे झुकला, तर हात उगाच चांगला वाटतो, म्हणून छातीला पट्टा हवा. चष्मा घरी विसरू नका. सूचना आईंना मराठीतच द्यायला सांगा: कन्नड किंवा इंग्रजी समजून घेण्यात गेलेला वेळ हाताच्या उशिरात मोजला जातो. आणि हाताचं वजन यंत्रच पेलत असल्यामुळे खांद्याची खरी कमजोरी यात झाकली जाते. बोटांच्या पकडीची तपासणीही वेगळी करावी लागते.

सांध्यांची जाण कमी निघाली, तर चुलीशी आणि तव्याशी उजवा हात एकटा वापरू देऊ नका. हात नेमका कुठे आहे हे न बघता कळत नाही, म्हणून तो चटकन भाजू शकतो.

प्रश्न (खानापूर): मग रोबोटवर व्यायाम केला, तर काकांचा हात लवकर सुधारेल का?

उत्तर: तपासणी वेगळी, उपचार वेगळा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोबोटच्या व्यायामाने नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचा वापर अधिक सुधारला नाही. शेत विकून त्यामागे जाऊ नका.

प्रश्न (चिकोडी): घरी प्रगती कशी मोजायची?

उत्तर: एकाला एक लागून दोन खोके ठेवा. मध्ये सुमारे १५ सेंटिमीटर उंचीची उभी फळी लावा. एका बाजूला अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे घाला. सुताराकडून करून घेतले तर ते सगळे सारखे होतात. मूळ चाचणीत १५० ठोकळे असतात, घरी शंभर पुरतात. आधी १५ सेकंद सराव. मग ६० सेकंदांत एकेक ठोकळा पलीकडे टाकायचा, बोटांची टोकं फळी ओलांडून गेली पाहिजेत. दोन एकदम नेले तरी एकच मोजा. आधी चांगला हात, मग लकव्याचा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी मोजा. संध्याकाळी थकल्यावर आकडा घसरतो आणि घरचे विनाकारण धास्तावतात. वहीत दोन्ही हातांचे आकडे शेजारी लिहा. चांगल्या हाताचा आकडाही खाली आला असेल, तर त्या दिवशी झोप, ताप किंवा साखर बघा. एका हाताचाच आकडा एकाएकी पडला, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणं अडखळलं, तर मोजत न बसता १०८ ला फोन करा.