डोकी नव्हे, चुली मोज

लोकसंख्या आणि कार्बन उत्सर्जन यांचं नातं दाखवणारा तुझा तक्ता पाहिला. लोकसंख्येचा गुणांक, म्हणजे ती वाढली की उत्सर्जन किती बदलतं तो आकडा, एका प्रदेशात धन, दुसऱ्यात ऋण, तिसऱ्यात जवळजवळ शून्य; आणि खाली तुझा प्रश्न, 'माझं गणित चुकलंय का?' नाही गं. गणित बरोबर आहे. तू डोकी मोजलीस. चुली मोज, म्हणजे कुटुंबं.

जपान घे. २०१० च्या जनगणनेत तिथं १२.८१ कोटी माणसं होती, २०२० मध्ये १२.६१ कोटी. माणसं घटली, पण त्याच काळात कुटुंबं सुमारे ५.२ कोटींवरून ५.६ कोटींच्या आसपास गेली. एकेकटे राहणारे वाढले. फ्रिज, दिवे, खोली उबदार ठेवणारी यंत्रं माणशी नसतात, घरटी असतात. वेगळी चूल मांडली की एकही जन्म न होता विजेचा वापर वाढतो.

तू म्हणशील, २०१३ नंतर जपानचं उत्सर्जनही उतरलंच की! उतरलं. पण त्याआधीची दोन वर्षं लोकसंख्या घटत असतानाच ते चढत होतं, कारण २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर अणुभट्ट्या बंद पडल्या आणि कोळसा, वायू जास्त जाळावा लागला. पुढची उतरण सौरऊर्जेची, बचतीची, पुन्हा सुरू झालेल्या काही भट्ट्यांची. दोन रेषा एकाच दिशेला निघाल्या म्हणून एकीनं दुसरीला ओढलं, असं पुन्हा लिहू नकोस. इथं माझा संयम संपतो.

जपानी अभ्यासक योइची काया यांच्या समीकरणाचा आधारही जपून घे. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नामागची ऊर्जा, ऊर्जेमागचा कार्बन यांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. ही नित्यसमानता आहे, दोन्ही बाजू जुळणारच. कारण कुठलं, ते ती सांगत नाही. नायजरमध्ये वाढलेला एक माणूस आणि कतारमध्ये वाढलेला एक, लोकसंख्येच्या रकान्यात दोघे सारखेच. दरडोई उत्सर्जनात मात्र शेकडो पटींचं अंतर.

वयाकडेही चुलीतूनच बघ. संशोधक ब्रायन ओनील आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कुटुंबांचे प्रकार धरूनच हिशेब मांडला: वार्धक्यामुळे औद्योगिक देशांत उत्सर्जन दीर्घकाळात २० टक्क्यांपर्यंत घटू शकतं, तर शहरीकरणामुळे काही विकसनशील देशांत २५ टक्क्यांहून जास्त वाढू शकतं. नुसती डोकी मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

मला एकसुरी म्हणतात, ठाऊक आहे. एका अहवालातून माझा कुटुंबांचा तक्ता 'वाचक गोंधळेल' म्हणून काढला. मी भांडलो, पुढं बोलावणं आलं नाही. सलतं अजून, खोटं कशाला बोलू? पण तक्ता बरोबर होता, आणि तो काढला म्हणून मी चुली मोजायचं सोडणार नव्हतो.

स्थलांतराचा भाग वेगळा ठेवलास, ते छान केलंस. पुढच्या मसुद्यात प्रत्येक प्रदेशापुढं कुटुंबांची संख्या आणि कुटुंबाचा सरासरी आकार, हे दोन रकाने हवेत. दोन जनगणनांमधली वर्षं सरळ रेषेनं भरू नकोस, मोकळी सोड. मोकळे रकाने पाहून तुझे मार्गदर्शक चिडतील. चिडू देत, माझं नाव सांग.