सही नंतर, आधी चेंडू बघा

प्रश्न : माझा मेव्हणा शिकागोला असतो. दिवाळीला येताना त्यानं वॉल्टर पेटनची सही असलेला अमेरिकन फुटबॉल आणला. चामड्यावर ‘द ड्यूक’ आणि रॉजर गुडेल यांचं नाव छापलंय, सहीखाली ‘स्वीटनेस’ लिहिलंय. दुकानदाराचं सर्टिफिकेट सोबत आहे. सही खरी असेल का? आणि आमच्या पत्र्याच्या घरात ती टिकवायची कशी?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : मेव्हण्याला वाईट वाटेल, पण सही खोटी आहे. फोटो पाठवायचीही गरज नाही. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग. तिच्या अधिकृत चेंडूवर त्या काळच्या कमिशनरची, म्हणजे लीगच्या प्रमुखाची, सही छापलेली असते. १९८९ पर्यंत पीट रोझेल, नंतर पॉल टॅग्लियाबू आणि २००६ पासून गुडेल. पेटन वारले १ नोव्हेंबर १९९९ ला! ‘द ड्यूक’ हे चेंडूचं नावही १९६९ नंतर बंद झालं, ते २००६ मध्ये परत आलं. पेटन शिकागो बेअर्स या संघाकडून खेळले १९७५ ते १९८७, म्हणजे त्यांच्या काळातल्या चेंडूवर ते नव्हतंच. ‘स्वीटनेस’वर भुलू नका, त्यांचं टोपणनाव सगळ्या शिकागोला पाठ आहे. खोट्या सह्या करणारे अक्षर घोटून घोटून बसवतात, चेंडू मात्र दुकानात मिळेल तो उचलतात.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर मोंढ्यात आडत्यानंच आपल्या मालाला अव्वल म्हणावं, तसला तो कागद. एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा असली सर्टिफिकिटंही सापडली होती. पीएसए, जेएसए, बेकेट या तपासणाऱ्या कंपन्यांचं स्टिकर असेल तर त्यावरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाका, आणि नोंद याच वस्तूची आहे का तेही बघा. स्टिकरसुद्धा नकली निघतात.

मेव्हण्यानं कार्डावर पैसे भरले असतील तर पावती घेऊन बँकेत तक्रार करू द्या. दुसऱ्याच्या गळ्यात मात्र हा चेंडू मारू नका. पैसे परत मिळाले नाहीत तर पोरांना खेळायला द्या, चामडं तर खरंच आहे!

पुढं खरी सही हाती लागली तर शोकेसचा मोह आवरा. मार्करची शाई उन्हानं उडते आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं, ते तुम्हाला मी काय सांगू. आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, सुती कापडात ठेवा. चामड्याला तेल, पॉलिश काही लावू नका, शाई पसरते.