आर्किटेक्चरल डेट: ऋण की कर्ज?

प्रश्न असा: मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअरच्या 'आर्किटेक्चरल डेट'बद्दल बोलतात, म्हणजे रचनेत आज काढलेल्या पळवाटेची पुढे मोजावी लागणारी किंमत. त्याला मराठीत 'स्थापत्य-ऋण' म्हणावं का?

नको. स्थापत्य म्हटलं की सिमेंट आणि सळया. ऐकणाऱ्याला वाटेल गृहकर्जाचा विषय निघालाय. 'ऋण' तर त्याहून घातक. आपल्याकडे सत्काराला उत्तर देताना 'आपल्या ऋणातच राहू इच्छितो' म्हणतात. बँकेत असं म्हणून बघा. (कंपन्या नेमकं हेच करतात, ते सोडा.)

कोडला कर्जाची उपमा देण्याची कल्पना अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांची, १९९२ची, गुंतवणुकीचे हिशेब ठेवणाऱ्या 'वायकॅश' या सॉफ्टवेअरवर काम करतानाची. थोडं कर्ज काढलं तर काम लवकर उरकतं, पण कोडचं पुनर्लेखन करून ते वेळेवर फेडायचं. म्हणजे जाणूनबुजून केलेला व्यवहार. हल्ली कुठल्याही गचाळ कोडला 'डेट' म्हणतात, ऐकून कान किटले. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००९मध्ये चार खणांचा तक्ता मांडून बेफिकिरीनं, नकळत झालेल्या घाणीलाही त्यात जागा दिली. हा उदारपणा त्यांनाच लखलाभ. खिसा कापला गेला तर आपण कर्ज काढलं म्हणत नाही.

तेव्हा 'कर्ज'च. पण खरी गंमत 'व्याज'मध्ये आहे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, सोंग, कपट. व्याजोक्ती आणि व्याजस्तुतीत तेच आहे, निर्व्याज प्रेमातही. ('निर्व्याज कर्ज' लिहिणाऱ्यांनो, तुम्हाला बिनव्याजी म्हणायचं असतं!) पैशावरच्या वाढीला संस्कृतात वृद्धी, कुसीद हे शब्द होतेच. मग कपट हिशेबात शिरलं कसं? 'सावकार लबाड म्हणून' हे नेहमीचं उत्तर चटपटीत आहे आणि आळशीही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'व्याजी' भेटते: मापातली तूट भरून काढायला वरून घ्यायचा सरकारी हिस्सा. नाण्यांवर शेकडा पाच. माझ्या मते आपलं व्याज या वाटेनं आलं. सॉफ्टवेअरलाही हाच अर्थ चपखल बसतो, कारण रचनेत तूट असली की प्रत्येक बदलामागे वरचं काम द्यावं लागतं.

सोंगाचा अर्थही वाया जात नाही. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत 'पॉवर पेग' नावाचा कोड २००३पासून वापरात नव्हता, पण कुणी काढलाही नव्हता. पुढे त्याचाच जुना फ्लॅग (कोड चालू करणारी खूण) नव्या कामाला जुंपला. १ ऑगस्ट २०१२ला आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, तिथे झोपेचं सोंग घेतलेला पॉवर पेग उठला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून जास्त पैसे घालवून बसला. हे व्याज.

हां, 'आर्किटेक्चर'. तो शब्द तसाच राहू द्या, ऑफिसात दुसरा कोणी वापरत नाही. 'आर्किटेक्चरचं कर्ज' म्हणा आणि वहीत दोन रकाने ठेवा. मुद्दल म्हणजे ती रचना बदलायला लागणारे महिने. व्याज म्हणजे ती तशीच ठेवल्यामुळे दर बदलामागे जाणारे जादा दिवस.