चोपण जमिनीत टाकायचं खत कारखान्याचं जिप्सम किरणोत्सारी असतं का?

तुम्ही विचारलंय ते असं: उसाला पाणी देऊन देऊन जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट) झालीय, खत कारखान्याचं जिप्सम स्वस्तात मिळतंय, पण तो किरणोत्सारी कचरा आहे आणि अमेरिकेत त्यावर बंदी आहे असा मेसेज फिरतोय. मग टाकावं की नाही?

खतं आणि माती तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्या अनुभवावर सांगतो. किरणोत्सारी आहे, हे खरं. शेतात पसरायला त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. डोंगराएवढा ढीग आणि बंद खोली, या दोन जागी मात्र विचार करावा लागतो.

हे येतं कुठून ते आधी बघा. फॉस्फेटच्या खडकात मुळातच थोडं युरेनियम असतं. मोरोक्को, जॉर्डन, फ्लोरिडा इथले खडक समुद्राच्या तळाशी साचून तयार झालेले, त्यांत ते बऱ्यापैकी सापडतं. आपल्याकडे या खडकाचा मोठा भाग आयातच होतो. खडकावर सल्फ्युरिक आम्ल टाकलं की फॉस्फरिक आम्ल निघतं आणि खाली जिप्सम उरतं, आम्लातल्या टनभर फॉस्फेटमागे सुमारे पाच टन. या वाटणीत युरेनियम बहुतेक आम्लाबरोबर जातं (फ्लोरिडात एके काळी त्या आम्लातून युरेनियम काढून विकतसुद्धा होते). युरेनियमपासूनच तयार होणारं रेडियम मात्र कॅल्शियमच्या गोत्रातलं, त्यामुळे ते सल्फेट होऊन जिप्सममध्येच बसतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं, म्हणजे आपल्या हिशेबात ते कायमचंच.

आणि सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये तर जिप्सम वेगळं काढतच नाहीत, ते पोत्यातच राहतं. म्हणजे तुम्ही आजवर सुपर फॉस्फेट टाकलं असेल तर हे रेडियम तुमच्या रानात कधीचंच आलेलं आहे.

प्रयोगशाळेत हे मोजायचं म्हणजे सबुरीचं काम. नमुना वाळवायचा, दळायचा, डबीत भरून हवाबंद करायचा आणि जवळजवळ महिनाभर तसाच ठेवायचा. रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो, तो डबीत साठून स्थिर झाला की मग गॅमा किरणांची मोजणी. डबीचं झाकण जरा ढिलं राहिलं तर रेडॉन निसटतो आणि आकडा खोटा कमी येतो. बंद खोलीची काळजी का करायची, तेही या डबीवरून कळतं.

आता तुमच्या एकराचा हिशेब. वरची सहा इंच माती धरली तरी एकरात साधारण साडेआठशे टन भरते. जगभरच्या मातीत किलोमागे ३० बेकेरेलच्या (बेकेरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक) आसपास रेडियम असतं. समजा जिप्सममध्ये किलोमागे १००० बेकेरेल आहे (हे मी चढंच धरलंय) आणि तुम्ही एकरी दोन टन टाकलं. तर मातीचा आकडा ३० वरून ३२ वर जाईल. आपल्या बेसाल्टच्या काळ्या जमिनीत नैसर्गिक किरणोत्सार मुळात कमी. तुम्ही हैदराबादच्या ग्रॅनाइटवर राहायला गेलात तर याहून मोठा फरक पडेल.

अजून एक गंमत. गोदामात मोजणीयंत्र घेऊन फिरलात तर सगळ्यात जास्त टकटक लाल पोटॅशच्या पोत्याजवळ होईल. पोटॅशियम-४० मुळे त्यात किलोमागे पंधरा हजारांवर बेकेरेल असतात. अर्थात पोटॅशियम शरीरात ठरावीक पातळीतच राहतं, रेडियम हाडांत जाऊन बसतं. त्यामुळे दोन्ही आकडे एका मापाने तोलू नका.

अमेरिकेची गोष्ट अर्धी खरी आहे. तिथल्या पर्यावरण खात्याने १९८९ मध्ये हे जिप्सम ढिगातच ठेवायचं असं ठरवलं आणि १९९२ मध्ये शेतीला सूट दिली, पण किलोमागे ३७० बेकेरेलच्या आतलंच. मर्यादा एवढी कडक का, तर वर्षानुवर्षं टाकत राहिल्यावर उद्या त्या रानात कोणी घर बांधलं तर खालचा रेडॉन घरात साचेल, हा हिशेब त्यामागे आहे. मला तो पटतो. शहराला लागून रान असेल आणि पुढेमागे एनए करायचा बेत असेल तर हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या २००९ च्या निर्देशानुसार शेतीसाठी वेगळी परवानगी लागत नाही. बांधकामासाठी विकायचं तर किलोमागे १००० बेकेरेल ही मर्यादा आहे.

खरी डोकेदुखी ढिगांची. फ्लोरिडात न्यू वेल्स इथे २०१६ मध्ये ढिगाखालची जमीन खचली आणि सुमारे ८० कोटी लिटर आम्लाचं पाणी भूजलात उतरलं. स्पेनमध्ये वेल्वा शहराला खेटून खाडीच्या दलदलीवर दहा-बारा कोटी टन जिप्सम पडून आहे. अशा जागी किरणोत्साराच्या जोडीला आम्ल, फ्लोराइड आणि जड धातूही झिरपतात, आणि माझ्या मते शेजारच्या विहिरीला आधी त्यांचाच फटका बसतो. त्याच वेल्वाचं जिप्सम सेव्हिल भागातल्या खारपड शेतांत हेक्टरी वीस-पंचवीस टनांनी, तेही दोन-तीन वर्षांआड, टाकलं गेलंय. तुमच्या दोन टनांपेक्षा ते कितीतरी जास्त.

घेताना विक्रेत्याकडे तपासणी अहवाल मागा. त्यात रेडियम, कॅडमियम आणि फ्लोराइड बघा. ताजा माल ओलसर, करडा-पांढरा आणि आंबट असतो. चोपण जमिनीला तो आंबटपणा चालतो, हाताला नाही. कोरडा झाला की धुरळा उडतो, तेव्हा पसरताना नाकातोंडाला फडकं बांधा. पोती राहत्या घरात रचू नका, उघड्या शेडमध्ये ठेवा.

आणि किती टाकायचं ते माती तपासूनच ठरवा. जिप्समचं कॅल्शियम मातीतल्या सोडियमला हुसकावतं, पण तो सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर जायला हवा. चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला नसेल तर आधी त्यावर पैसे घाला, जिप्सम पुढच्या हंगामात आणलंत तरी चालेल.